मुलांची पोटगी आणि उत्पन्नाची चौकशी : आकड्यातील चूक कशी दुरुस्त होते

पती-पत्नी विभक्त झाली तरी अपत्याच्या पालनपोषणाची जबाबदारी विभक्त होत नाही. मूल आईपाशी राहत असो वा बापापाशी, त्याचे अन्न, वस्त्र, औषधपाणी आणि शिक्षण यांचा भार ऐपतीप्रमाणे दोघांनीही उचलावा, हे तत्त्व कायद्याने मान्य केलेले आहे. वाद होतो तो बहुधा तत्त्वाविषयी नव्हे, तर आकड्याविषयी. देणाऱ्याचे उत्पन्न नेमके किती, हा प्रश्न न्यायालयापुढे आला की एका बाजूने तो आकडा फुगविला जातो आणि दुसऱ्या बाजूने आकसविला जातो. पुष्कळदा दोन्ही बाजूंचा हेतू शुद्ध असूनही केवळ कागदांच्या अपुऱ्या वाचनामुळे चुकीचा आकडा आदेशात शिरतो.

अशा चुकीचे परिणाम दूरवर पोहोचतात. दरमहा तीन हजार रुपयांची तूट तीन वर्षे राहिली तर मुलाच्या वाट्याचे एक लाख आठ हजार रुपये बुडतात. शाळेची बस, शिकवणी आणि चष्मा यांपैकी कशाला तरी कात्री लागते. उलटपक्षी, नसलेल्या उत्पन्नावर आकारणी झाली तर थकबाकी साचत जाते आणि अखेर देणाऱ्यावर कारावासाचा प्रसंग येतो. त्यातून मुलाच्या पदरात मात्र काहीच पडत नाही. म्हणून उत्पन्नाची चौकशी कशी होते, तीत चुका कोठे होतात आणि त्या दुरुस्त करून घेण्याचे मार्ग कोणते, याची माहिती उभय पक्षांस असणे अगत्याचे आहे.

आकड्याला महत्त्व का आले

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील कलम १२५ हे पोटगीचे कलम म्हणून सर्वपरिचित होते. आजही लोक 'एकशेपंचवीसची केस' असाच शब्दप्रयोग करतात. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिने घेतली असून पोटगीची तरतूद आता कलम १४४ मध्ये आहे. कलम १४५ मध्ये कार्यपद्धती, १४६ मध्ये रकमेतील फेरबदल आणि १४७ मध्ये आदेशाची अंमलबजावणी सांगितलेली आहे. ही तरतूद धर्मनिरपेक्ष आहे. गोव्यात कौटुंबिक संबंधांच्या बाबतीत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील तरतुदी सर्वधर्मीयांना लागू असल्या, तरी कलम १४४ चा आधार येथील मुलांनाही तितकाच उपलब्ध आहे. औरस आणि अनौरस असा भेद या कलमात नाही. अज्ञान अपत्यास, तसेच शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान अपत्यास (विवाहित मुलगी वगळून) पोटगी मागता येते.

१९७३ च्या संहितेत पोटगीची कमाल मर्यादा दरमहा पाचशे रुपये होती. ही मर्यादा असेपर्यंत उत्पन्नाच्या बारीक चौकशीला फारसा अर्थ नव्हता. देणारा महिना दोन हजार मिळवितो की वीस हजार, याने अखेरच्या रकमेत मोठा फरक पडत नसे. २००१ च्या दुरुस्तीने मर्यादा काढून टाकण्यात आली, अंतरिम पोटगीची स्पष्ट तरतूद झाली आणि अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा असे सांगण्यात आले. तेव्हापासून देणाऱ्याचे खरे उत्पन्न हाच पोटगीच्या प्रकरणाचा कणा झाला. चूकही तेथेच होऊ लागली आणि तिची किंमतही तेथेच मोजावी लागते.

चौकशी कशी होते

काही देशांत मुलांच्या पोटगीसाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा असते आणि तिचे अधिकारी उत्पन्नाचा शोध घेतात. आपल्याकडे अशी यंत्रणा नाही. जेथे कौटुंबिक न्यायालय स्थापन झालेले आहे तेथे ते न्यायालय आणि अन्यत्र प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी हे काम पाहतात. न्यायालय स्वतः घरोघरी जाऊन तपास करीत नाही. पक्षकारांनी पुढे ठेवलेल्या कागदांवरून आणि साक्षीपुराव्यावरून ते निष्कर्ष काढते. कागद अपुरा, तर निष्कर्षही अपुरा, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

या कामी एकसूत्रता नसल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात उद्भवलेल्या एका प्रकरणात, देशभर लागू होणारे निर्देश दिले. त्यानुसार पोटगी मागणारा आणि जिच्याकडून वा ज्याच्याकडून ती मागितली जाते ती व्यक्ती, अशा दोघांनीही मालमत्ता आणि दायित्वे यांचे शपथपत्र ठराविक नमुन्यात दाखल करावयाचे असते. नोकरी-व्यवसाय करणाऱ्यांसाठी एक आणि शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी दुसरा, असे नमुने निकालपत्रास जोडलेले आहेत. उत्तर देणाऱ्यास शपथपत्रासाठी जास्तीत जास्त चार आठवड्यांची मुदत आहे. दोनाहून अधिक संधी देऊ नयेत आणि कोणी हेतुपुरस्सर टाळाटाळ करील तर त्याचा बचाव खोडून काढण्याचा विचार न्यायालयाने करावा, असेही त्यात म्हटले आहे. या निर्देशांचे पालन सर्वत्र होत नसल्याचे आढळल्यावरून सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२३ रोजी ते पुन्हा सर्व न्यायालयांकडे पाठविण्याचा आदेश दिला.

शपथपत्राच्या नमुन्यात मुलांसाठी स्वतंत्र भाग आहे. मुले किती, वये काय, ताबा कोणाकडे, अन्न-वस्त्र-औषध यांचा खर्च किती, शिक्षणाचा खर्च किती, तो सध्या कोण करतो आणि कोणी स्वेच्छेने हातभार लावतो काय, हे त्यात लिहावयाचे असते. हा भाग घाईने भरण्याची प्रवृत्ती दिसते. वस्तुतः मुलाची बाजू मांडण्याची हीच मुख्य जागा होय.

चुका कोठे शिरतात

पगारदाराच्या बाबतीत सर्वांत अधिक आढळणारी चूक म्हणजे 'हातात पडणारा पगार' हेच उत्पन्न समजणे. उदाहरणार्थ, एखाद्याचे एकूण वेतन ४८,००० रुपये आहे. त्यातून आयकर आणि सक्तीची भविष्य निर्वाह निधीची वर्गणी मिळून ६,००० रुपये जातात. उरलेल्या रकमेतून पतसंस्थेचे कर्ज, विम्याचा हप्ता आणि स्वेच्छेची बचत असे १७,००० रुपये कापले जातात आणि हाती २५,००० रुपये येतात. शपथपत्रात २५,००० लिहिले जातात. न्यायालये साधारणतः कायद्याने बंधनकारक असलेली कपात मान्य करतात. स्वेच्छेने पत्करलेल्या कपातीने मुलाचा वाटा कमी होत नाही. १९७० सालच्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने आयकर आणि सक्तीच्या भविष्य निर्वाह निधीची वर्गणी यांची वजावट ग्राह्य धरली होती. या हिशेबाने वरील उदाहरणात विचारात घ्यावयाचा आकडा ४२,००० रुपयांच्या आसपास येतो. २५,००० आणि ४२,००० यांतील अंतर केवढे आहे, हे सांगावयास नको.

दुसरी चूक बँकेच्या खातेउताऱ्याच्या वाचनात होते. खात्यात जमा झालेली प्रत्येक रक्कम ही कमाई नसते. समजा, वर्षभरात खात्यात ७,२०,००० रुपये जमा दिसतात आणि त्यावरून महिन्याचे ६०,००० रुपये उत्पन्न काढले जाते. परंतु त्यांपैकी २,००,००० रुपये कर्जाचे आहेत, १,००,००० रुपये त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या खात्यातून वळविलेले आहेत आणि ६०,००० रुपये मुदत ठेव मोडून आलेले आहेत. हे ३,६०,००० रुपये वजा करता खरे उत्पन्न वर्षाला ३,६०,००० म्हणजे महिन्याला ३०,००० रुपये ठरते. अशी चूक देणाऱ्यावर अन्याय करणारी असते. तिची उलटी बाजूही असते. एकच खाते दाखवून, ज्या खात्यात भाडे वा कमिशन जमा होते ते दुसरे खाते शपथपत्रात नमूदच केले जात नाही. पहिल्या खात्यातून दुसऱ्याकडे गेलेल्या रकमांच्या नोंदी लक्षपूर्वक पाहिल्यास दडविलेल्या खात्याचा माग बहुधा तेथेच लागतो.

धंदा करणाऱ्याच्या बाबतीत उलाढाल आणि नफा यांची गल्लत होते. टॅक्सी, ट्रक, मासेमारीची होडी वा किराणा दुकान यांत येणारा सारा पैसा मालकाचा नसतो. इंधन, दुरुस्ती, विमा आणि मजुरी यांवर त्यातील मोठा भाग जातो. त्याचप्रमाणे, आयकर विवरणपत्रातील नफा हा नेहमीच खिशात आलेल्या पैशाचे माप नसतो. यंत्र वा वाहन यांच्या घसाऱ्याची वजावट कागदावर होते, पैसा मात्र त्या वर्षी बाहेर गेलेला नसतो. घरातील वीज, दूरध्वनी आणि गाडी यांचा खर्च धंद्याच्या नावे टाकला गेला असेल, तर तेवढ्या मर्यादेत विवरणपत्रातील आकडा अपुरा ठरतो. म्हणून विवरणपत्र पुढे ठेवणे आवश्यक असले तरी तेवढ्यावर थांबणे योग्य नव्हे.

गोव्यातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ बोटीवरील नोकरीवर चालतो. तेथे चूक दोन्ही दिशांनी होते. करार आठ महिन्यांचा आणि बोटीवरील वेतन महिन्याला ८०,००० रुपये असेल, तर वर्षाची कमाई ६,४०,००० म्हणजे सरासरीने महिन्याला सुमारे ५३,३०० रुपये होते. ८०,००० गुणिले बारा हा हिशेब चुकीचा. पण दोन करारांच्या मधल्या काळात घरी असताना 'मी बेकार आहे, उत्पन्न शून्य' असे शपथेवर सांगणे हेही तितकेच चुकीचे. बोटीवर रुजू होण्याच्या आणि उतरण्याच्या तारखा खलाशाच्या सी. डी. सी. पुस्तकात नोंदलेल्या असतात. मागील काही वर्षांच्या त्या नोंदी आणि करारपत्रे एकत्र वाचली की सरासरी आपोआप स्पष्ट होते.

जमीनजुमल्याच्या बाबतीत एक-चौदाच्या उताऱ्यावरील नाव पाहून निष्कर्ष काढला जातो. वडिलोपार्जित बागायतीच्या उताऱ्यावर कित्येकदा आठ-दहा वारसांची नावे असतात, वाटणी झालेली नसते आणि प्रत्यक्ष लागवड कूळ करीत असते. संपूर्ण नारळी-पोफळीचे उत्पन्न एकट्याच्या माथी मारणे जसे गैर, तसेच 'जमीन वडिलांच्या नावावर आहे' एवढ्या सबबीवर त्या बागायतीचे येणारे उत्पन्न गाळणेही गैर. शिवाय गोव्यात विवाहापूर्वी निराळा करार झालेला नसेल तर पती-पत्नींची संपत्ती सामान्यतः सामाईक मानली जाते. अशा सामाईक घराचे भाडे प्रत्यक्षात कोण वसूल करतो, हे शपथपत्रात स्पष्ट लिहिणे जरुरीचे ठरते.

जुना आकडा नव्या वर्षास लावणे, ही आणखी एक चूक. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्च २०१८ पासून तेथील उत्खनन थांबले. खनिज वाहतुकीच्या ट्रकांवर ज्यांचे पोट होते त्यांचे त्यापूर्वीचे उत्पन्न त्यानंतरच्या काळास लावता येणार नाही, हे उघड आहे. त्याचबरोबर, धंदा बसला म्हणून उत्पन्न कायमचे शून्य झाले, असेही गृहीत धरता येत नाही. धडधाकट माणसाने कष्ट करून मुलाबाळांचे पोषण केले पाहिजे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२२ मधील निर्णयांत स्पष्ट केली आहे. उत्पन्नाचे एक साधन गेल्यावर दुसरे कोणते धरले, हा प्रश्न न्यायालय विचारणारच.

शेवटची चूक खर्चाच्या बाजूची आहे. शाळेचे शुल्क वर्षातून एकदोनदा भरले जाते आणि ते महिन्याच्या खर्चात धरायचे राहून जाते. गणवेश, पुस्तके, वाहतूक, दातांचे वा डोळ्यांचे उपचार यांच्या पावत्या जपून ठेवलेल्या नसतात. २०२० च्या निर्णयात मुलाच्या निर्वाहखर्चात अन्न, वस्त्र, निवास, औषधोपचार आणि शिक्षण यांचा समावेश केलेला असून शिकवणीचा आणि व्यवसाय-प्रशिक्षणाचा वाजवी खर्चही धरावा असे म्हटले आहे. मात्र तो अवास्तव असू नये. शिक्षणाचा खर्च सामान्यतः पित्याने करावा, आणि आईची मिळकत पुरेशी असेल तर तो दोघांत प्रमाणशीर वाटून घ्यावा, असेही त्यात सांगितले आहे. त्यामुळे आईच्या उत्पन्नाचा आकडाही अचूक असणे महत्त्वाचे ठरते.

चूक कशी दाखवून द्यावी

'समोरच्याचे उत्पन्न याहून जास्त आहे' किंवा 'माझे उत्पन्न एवढे नाही' असे मोघम विधान फारसे उपयोगी पडत नाही. प्रथम आदेशाची आणि विरुद्ध पक्षाच्या शपथपत्राची प्रमाणित प्रत मिळवावी. नंतर एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात शपथपत्रातील वा आदेशातील आकडा, दुसऱ्यात कागदपत्रांवरून दिसणारा आकडा आणि तिसऱ्यात त्या कागदाचे नाव, तारीख व पान लिहावे. या एका तक्त्याने वकिलाचे आणि न्यायालयाचेही काम सुकर होते. ज्या आकड्यापुढे तिसरा रकाना रिकामा राहतो, त्याचा पुरावा अजून मिळवावयाचा आहे असे समजावे.

आवश्यक कागद विरुद्ध पक्षापाशी असेल तर तो मागविण्याची सोय कायद्यात आहे. २०२० च्या निर्णयानुसार, शपथपत्रातील मजकुराविषयी वाद असल्यास न्यायालयाच्या परवानगीने विरुद्ध पक्षास लेखी प्रश्नावली देता येते आणि कागद हजर करण्याची मागणी करता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालय मालकास, बँकेस वा अन्य व्यक्तीस दस्तऐवज हजर करण्याविषयी समन्स काढू शकते. अर्जात 'सर्व कागद मागवावेत' असे न लिहिता, अमुक बँकेच्या अमुक शाखेतील खात्याचा अमुक कालावधीचा उतारा, असा नेमका उल्लेख करावा. एखादी गोष्ट विशेषकरून ज्याच्या माहितीतली असते, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो, हे तत्त्व भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १०९ मध्ये आहे. स्वतःची मिळकत ही अशीच गोष्ट होय. पत्नीला पतीच्या प्रत्येक व्यवहाराची माहिती असावी, अशी अपेक्षा कायदा करीत नाही.

शपथपत्र जाणूनबुजून खोटे दिलेले आढळले तर कलम ३७९ खाली (पूर्वीचे कलम ३४०) चौकशीची मागणी करता येते. मात्र हे शस्त्र विचारपूर्वक वापरावे. साध्या नजरचुकीला खोटेपणाचे स्वरूप दिल्याने प्रकरण लांबते आणि मुलाची अंतरिम पोटगी त्या वादात अडकून पडते.

दुरुस्तीचे चार मार्ग

आदेश झाल्यावर चूक लक्षात आली तर तिचे स्वरूप प्रथम ओळखावे. स्वरूपानुसार मार्ग भिन्न आहेत आणि चुकीच्या दारी गेल्यास वेळ फुकट जातो.

१. लेखनाची वा बेरीज-वजाबाकीची चूक. आदेशातील कारणमीमांसा बरोबर आहे, पण अखेरच्या ओळीत १२,००० ऐवजी २,००० छापले गेले, किंवा दोन मुलांऐवजी एकाच मुलाची रक्कम लिहिली गेली, अशी ही चूक असते. अंतिम आदेशात फेरफार करता येत नाही हा सर्वसाधारण नियम असला, तरी लेखनप्रमाद आणि गणिती चूक दुरुस्त करण्याचा अधिकार कलम ४०३ खाली त्याच न्यायालयास आहे. त्यासाठी साधा अर्ज पुरतो.

२. गैरहजेरीत झालेला आदेश. समन्स टाळणाऱ्याविरुद्ध न्यायालय एकतर्फी आदेश देऊ शकते. अशा आदेशात उत्पन्नाचा आकडा एका बाजूच्याच म्हणण्यावरून ठरलेला असतो. सबळ कारण दाखवून तो रद्द करण्याचा अर्ज कलम १४५ नुसार आदेशाच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत करावा लागतो. न्यायालय विरुद्ध पक्षास खर्च देण्याची अट घालू शकते. बोटीवर वा परदेशी असणाऱ्यांनी ही मुदत विशेष लक्षात ठेवावी.

३. आदेशातच असलेली मूलभूत चूक. दाखल केलेला पुरावा विचारातच घेतला नाही, कर्जाची रक्कम उत्पन्नात धरली किंवा आकडा कोणत्या आधारे काढला याचे कारणच दिले नाही, अशा प्रसंगी वरिष्ठ न्यायालयाकडे जावे लागते. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयाकडे, आणि कौटुंबिक न्यायालयाने कलम १४४ खाली दिलेल्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयाकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो. मुदत नव्वद दिवसांची आहे. पुनरीक्षणात पुराव्याची सगळी फेरतपासणी सहसा होत नाही. आदेश बेकायदेशीर वा उघडपणे विपरीत आहे काय, एवढेच पाहिले जाते. म्हणून चूक मूळ नोंदीवरूनच दिसली पाहिजे. मूळ न्यायालयात कागद दाखल करण्यात हयगय केली असेल तर ती उणीव येथे भरून निघणे कठीण असते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली मुलांसाठी रक्कम ठरली असेल, तर मार्ग निराळा आहे. तेथे आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत सत्र न्यायालयाकडे अपील करावे लागते.

४. नंतर बदललेली परिस्थिती. आदेश झाला तेव्हा आकडा बरोबर होता, पण पुढे पदोन्नती झाली, नोकरी गेली, आजार उद्भवला किंवा मूल प्राथमिक शाळेतून महाविद्यालयात गेले. ही चूक नव्हे, हा बदल होय. त्यासाठी कलम १४६ खाली त्याच न्यायालयाकडे फेरबदलाचा अर्ज करावा. बदल सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. नोकरी गेल्याचे पत्र, नव्या वेतनाची पावती, वैद्यकीय प्रमाणपत्र वा शुल्काची पावती यांवाचून असा अर्ज टिकत नाही. परिस्थिती बदलताच अर्ज करणे श्रेयस्कर; दोन वर्षे थांबून मागील थकबाकी माफ करून घेण्याची अपेक्षा बहुधा फोल ठरते.

अंतरिम आदेशाविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. तो प्रथमदर्शनी पुराव्यावर दिलेला असतो आणि मूळ अर्जाच्या सुनावणीत आकड्याची पूर्ण छाननी व्हावयाची असते. त्यामुळे अंतरिम आकड्यातील प्रत्येक लहान फरकासाठी वरिष्ठ न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा अंतिम सुनावणीची तयारी करणे अनेकदा अधिक फलदायी ठरते. प्रकरण चालू असताना एखाद्या पक्षाची परिस्थिती बदलली, तर त्याने सुधारित शपथपत्र दाखल करावे.

काय टाळावे

आकडा चुकीचा आहे अशी खात्री असली, तरी पोटगी देणे परस्पर बंद करू नये. आदेश बदलेपर्यंत तो बंधनकारक असतो. निदान स्वतःच्या हिशेबाने योग्य वाटणारी रक्कम नियमित भरीत राहिल्यास सचोटी दिसून येते आणि मुलाची उपासमार टळते. मात्र उरलेली रक्कम थकबाकीच राहते. थकबाकीबद्दल न्यायालय वॉरंट काढून वसुली करू शकते आणि तरीही न दिलेल्या प्रत्येक महिन्याच्या रकमेबद्दल एक महिन्यापर्यंत किंवा त्यापूर्वी भरणा होईपर्यंत कारावास देऊ शकते. तुरुंगात जाऊन आल्याने देणे फिटत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. रक्कम रोख हातात देण्याऐवजी बँकेमार्फत द्यावी. भरलेल्या पोटगीचा पुरावा नसल्यामुळे दुसऱ्यांदा द्यावी लागल्याची तक्रार नवी नाही.

घेणाऱ्यानेही काही पथ्ये पाळावीत. थकबाकीच्या वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो; भिडेखातर थांबल्यास जुने महिने हातचे जातात. दुसऱ्या कायद्याखाली आधीच पोटगी मिळत असेल तर ते लपवू नये. न्यायालय ती रक्कम जमेस धरून निर्णय देते. आणि तडजोड करताना आईने स्वतःच्या पोटगीवर पाणी सोडले, तरी मुलाच्या हक्कावर ती पाणी सोडू शकत नाही, हे ध्यानात ठेवावे. तो हक्क मुलाचा स्वतःचा आहे.

सल्ला कोठे मिळेल

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला आणि बालके यांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अथवा तालुका विधी सेवा समिती यांच्या कार्यालयात अर्ज केल्यास वकील नेमून मिळतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही मार्गदर्शन घेता येते. अर्जासोबत विवाहाचा आणि मुलाच्या जन्माचा दाखला, शाळेच्या शुल्काच्या पावत्या, औषधोपचाराची बिले आणि विरुद्ध पक्षाच्या नोकरी-धंद्याची असेल ती माहिती न्यावी. देणाऱ्या पक्षाचे उत्पन्न विहित मर्यादेच्या आत असेल तर त्यालाही ही सेवा मिळू शकते.

२०२० च्या निर्णयानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय होते. प्रकरण जितके लांबेल तितकी चुकीच्या आकड्याची रक्कमही वाढत जाते. म्हणून शपथपत्र भरतानाच प्रत्येक आकड्यापुढे त्याचा कागद जोडणे हाच सर्वांत सोपा, बिनखर्चाचा आणि लवकर फळ देणारा उपाय होय.